मोकळ्या दिवसाचा हिशेब

अमेरिकेतल्या मराठी घरांत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एक चर्चा हमखास सुरू होते. जूनमध्ये मुलांच्या शाळा सुटणार असतात आणि त्याच सुमारास सांगली-साताऱ्याहून, नाशिक-नागपूरहून आई-बाबा यायचे असतात. नायगारा ठरलेला असतो, वॉशिंग्टन एखाद्या शनिवार-रविवारी उरकायचं असतं. राहतं ऑरलँडो. तिथे जायचं की नाही यावर वाद नसतो. नातवंडांना आजी-आजोबांबरोबर डिझ्नी वर्ल्ड बघायचं असतं आणि आजी-आजोबांना नातवंडांबरोबर. वाद असतो तो किती दिवस जायचं यावर.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये अशाच एका घरात मी ही चर्चा ऐकली. मुलाने एक्सेल शीट केली होती. वर तारखा, बाजूला वेळा आणि प्रत्येक चौकोनात राइडचं नाव. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत एकही चौकोन रिकामा नव्हता. सात दिवस, सहा पार्क. सून बराच वेळ लॅपटॉपकडे बघत होती. मग म्हणाली, "अरे, बाबांच्या गुडघ्याचं काय?" त्यावर सासरे चटकन म्हणाले, "माझं काय, मी बसेन कुठेतरी."

"मी बसेन कुठेतरी." हे वाक्य नंतर मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलं. कधी आजोबांच्या तोंडून, कधी आजीच्या. किती दिवस हा प्रश्न खरं तर या वाक्यापासून सुटायला हवा. पण सगळे तो पार्कांच्या संख्येपासून सोडवायला घेतात: पार्क चार, म्हणून दिवस चार, युनिव्हर्सलचे दोन धरले तर सहा, आता तिसरंही झालंय, तेव्हा सात.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला मुळात 'दिवस' हे अनेकवचनच नवं असतं. आपल्याकडे थीम पार्क म्हणजे एका दिवसाची सहल. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हा मार्वेच्या जेट्टीवरून सकाळी बोटीत बसायचं आणि संध्याकाळी त्याच बोटीने परतायचं. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका झालं, तिथेही पुण्या-मुंबईची बहुतेक कुटुंबं सकाळी जाऊन रात्री घरी येतात. त्यामुळे 'डिझ्नीला पाच दिवस' हे ऐकून आजी विचारते, "पाच दिवस तिथे करायचं काय?" हा प्रश्न भाबडा वाटला तरी अगदी मुद्द्याचा आहे.

त्याचं पहिलं उत्तर आकारात आहे. वॉल्ट डिझ्नी वर्ल्ड हे एक पार्क नाही. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेली ती मालमत्ता आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं मुंबई शहर तिच्यात दीड वेळा मावेल. त्यात चार मोठी थीम पार्क, दोन वॉटर पार्क, वीसहून जास्त हॉटेलं, खरेदीचा एक अख्खा भाग, स्वतःच्या बसगाड्या, बोटी, मोनोरेल आणि २०१९ पासून स्कायलायनर नावाचा रोपवे. एका पार्कातून दुसऱ्यात जायला बसच्या रांगेसकट पाऊण तास ते तास सहज जातो. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर आजोबांच्या पायांना तसं लागत नाही.

दुसरं उत्तर इतिहासात आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. १९५५ साली कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिझ्नीलँड उघडलं ते १६० एकरांवर. पार्क तुफान चाललं, पण त्याच्या भोवती दुसऱ्यांची मोटेलं उगवली. लोक दिवसा डिझ्नीकडे आणि रात्री शेजाऱ्याकडे पैसे देत. वॉल्ट डिझ्नींच्या मनाला ते लागलं. म्हणून फ्लोरिडात साठच्या दशकाच्या मध्यावर वेगवेगळ्या बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप जमीन घेतली गेली, सुमारे २७,००० एकर. नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रकल्प जाहीर झाला, पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये वॉल्ट गेले आणि त्यांचे थोरले भाऊ रॉय यांनी काम तडीला नेलं. १ ऑक्टोबर १९७१ ला मॅजिक किंगडम उघडलं ते दोन हॉटेलांसकट. माणसाने तिथेच राहावं, तिथेच जेवावं, सकाळी उठून पुन्हा तिथेच जावं, ही रचना पहिल्या दिवसापासून होती. १९८२ मध्ये एपकॉट आलं, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम. प्रत्येक नव्या पार्कागणिक पाहुण्याचा मुक्काम एकेका रात्रीने वाढायला जागा झाली.

या सगळ्यामागे आकडेमोड करणारी माणसं होती. हॅरिसन प्राइस, ज्यांना सगळे 'बझ' म्हणत, हे त्यांतले आद्य. अनाहाइमची जागा त्यांच्या अभ्यासातून ठरली आणि फ्लोरिडाच्या निवडीतही त्यांचा हात होता. पार्क केवढं बांधायचं याचं एक गणित त्यांच्या पिढीने रूढ केलं: वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या पंधरा-वीस दिवसांची सरासरी काढायची आणि त्या गर्दीला पुरतील एवढ्या राइड, उपाहारगृहं, शौचालयं बांधायची. या धंद्यात त्याला 'डिझाइन डे' म्हणतात. नाताळचा आठवडा त्या सरासरीच्याही वर जातो. म्हणून २८ डिसेंबरला गेलेल्या कुटुंबाला चार दिवसांत जे बघायला मिळतं, ते जानेवारीच्या शेवटी गेलेल्याला दोन-अडीच दिवसांत मिळतं. किती दिवस हे विचारण्याआधी कधी हे विचारायला हवं, ते यासाठी.

आता तिकीट. १९७१ मध्ये मोठ्या माणसाला प्रवेशाचे साडेतीन डॉलर पडत आणि राइडसाठी ए ते ई अशा कुपनांचं पुस्तक वेगळं घ्यावं लागे. खर्च राइडवर होता, त्यामुळे दमलं की माणूस थांबायचा. १९८२ पासून एकाच पासावर दिवसभर सगळं खुलं झालं आणि 'दिवस' हेच विक्रीचं माप बनलं. २००५ मध्ये आलेल्या दरपत्रकात हे अगदी उघड दिसतं: एका दिवसाचं तिकीट ५९.७५ डॉलर आणि सात दिवसांचं १९९. पहिले तीन-चार दिवस महाग आणि पुढचे जवळजवळ वाणवळ्यासारखे हातात ठेवलेले. आज दर कितीतरी वाढले आहेत आणि २०१८ पासून तारखेप्रमाणे बदलतात, पण ठेवण तीच आहे. पाचव्या दिवसाला वर फारसं पडत नाही, म्हणून माणूस तो घेतो. हॉटेलची आणखी एक रात्र, पाच-सहा माणसांचं आणखी एक दिवस जेवण आणि दुखरे पाय, हे त्या तिकिटावर छापलेलं नसतं.

गेली कित्येक वर्षं ऑरलँडोतच राहणाऱ्या एका काकूंकडे दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी उतरतंच. नणदेची मुलगी, भावाचे व्याही, शाळेतली मैत्रीण. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडण होतं. कुणाच्याही घरचे असोत. मी आता वाटच बघते." कारण विचारलं तर त्यांनी फक्त पायांकडे बोट दाखवलं.

पार्कातला एक दिवस जवळून बघितला की ते पटतं. मॅजिक किंगडमच्या दारात गाडी जात नाही. गाडी तलावाच्या अलीकडे लावायची, तिथून वाहनतळाच्या ट्रामने किंवा चालत तिकीट केंद्रावर जायचं, पिशव्या तपासून घ्यायच्या आणि मग फेरीबोट नाहीतर मोनोरेल. नऊला दार उघडत असेल तर पहिल्या तासाचा फायदा घेण्यासाठी पाहुणे आठलाच येऊन उभे राहतात. याला तिथे 'रोप ड्रॉप' म्हणतात. त्या पहिल्या तासात तीन राइड होतात आणि दुपारी तेवढ्याच वेळात एक होत नाही. डिझ्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, तो अर्धा तास म्हणूनच मोलाचा. मग लायटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून घ्यायची छोटी रांग. तिच्या वेळा हॉटेलच्या पाहुण्यांना मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी फोनवरून ठरवता येतात. दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चालणं होतं. रात्री आतषबाजी झाली की सगळं पार्क एकाच वेळी त्या बोटीकडे वळतं. खोलीत पोचेपर्यंत अकरा-साडेअकरा वाजतात. दुसऱ्या दिवशी आठला पुन्हा दारात उभं राहायचं तर सहाला उठायचं. हे लागोपाठ दोन दिवस निभतं. तिसऱ्या दिवशी सहा वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजोबा, दोघंही थकतात. फरक एवढाच की मूल रडून सांगतं.

त्यात फ्लोरिडाचा उन्हाळा. जून ते सप्टेंबर दुपार कोकणातल्या मेसारखी उकडते. या द्वीपकल्पाच्या दोन्ही बाजूंनी समुद्राचे वारे आत येतात, मध्यावर भिडतात आणि तीन-चारच्या सुमारास ढग दाटून गडगडाट सुरू होतो. जवळपास वीज पडत असली की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. मुलाच्या एक्सेल शीटमध्ये दुपारी दोन ते पाच हे तीन चौकोन भरलेले होते. जुलैत त्यांचा भरवसा धरता येत नाही. जाणकार कुटुंबं या वेळात खोलीवर परततात, पोरं तरणतलावात उतरतात, मोठी झोपतात आणि सगळे सहाला परत येतात. हे करायचं तर जवळचं हॉटेल हवं आणि जवळचं हॉटेल महाग. माझं मत असं, की दोन रात्री कमी करा पण जवळ राहा.

आता "मी बसेन कुठेतरी"कडे येतो. कुठे बसणार? बाकं आहेत, सावली मोजकी आहे आणि आत न जाणाऱ्याला बाहेर दीड तास काढावा लागतो. अर्धं जग ओलांडून नातवासाठी आलेल्या माणसाने नातवाच्या पिशव्या सांभाळत बाकावर दिवस काढावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं. मॅजिक किंगडममध्ये उंचीची अट नसलेल्या आणि जोराचा हिसका न देणाऱ्या राइड भरपूर आहेत: पीटर पॅनचं उडतं जहाज, हाँटेड मॅन्शन, बोटीतून जाणारी 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड', जी मुळात १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनली होती. आजी आणि नातू दोघंही यांत शेजारी बसू शकतात. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये उलट आहे. टॉवर ऑफ टेररला ४० इंच उंची लागते, रॉक अँड रोलर कोस्टरला ४८. स्टार वॉर्सची 'राइज ऑफ द रेझिस्टन्स'ही ४० इंचांची. तिथे बाकावर बसणारे वाढतात. घरात स्टार वॉर्सवर जीव टाकणारं कुणी नसेल आणि मूल लहान असेल, तर पहिल्या खेपेला हे पार्क खुशाल वगळावं. चौथ्या दिवसाचं तिकीट घ्यायचंच असेल तर ते पुन्हा मॅजिक किंगडमला वापरावं. मुलांना नव्या राइडपेक्षा आवडलेली राइड दुसऱ्यांदा हवी असते.

गुडघ्याचं दुखणं असेल तर व्हीलचेअर किंवा बॅटरीवर चालणारी गाडी भाड्याने मिळते. आपल्याकडची वडीलधारी माणसं तिला आधी नकोच म्हणतात. लोक काय म्हणतील, मी काय आजारी आहे का. एडिसनच्या सुनेने यावर चांगला तोडगा काढला. तिने सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, गाडी पिशव्यांसाठी घेतलीय. तुम्ही फक्त चालवा." आजोबांनी ती दिवसभर चालवली आणि संध्याकाळपर्यंत नातू त्यांच्या मांडीवर बसायचा हट्ट धरू लागला. गाडीवर एकानेच बसायचा नियम आहे, त्यामुळे तो हट्ट पुरवता आला नाही.

ॲनिमल किंगडम मात्र वडीलधाऱ्यांनी चुकवू नये. ते सकाळचं पार्क आहे. प्राणी गारव्यात हिंडतात, म्हणून किलिमांजारो सफारी पहिल्या तासात करावी. जिराफ गाडीच्या आडवे येतात आणि गाडी थांबून राहते. त्यानंतर आशियाचा भाग. जो रोड या रचनाकाराच्या चमूने इथे आनंदपूर नावाचं काल्पनिक राज्य उभं केलंय. महाराजा जंगल ट्रेक या पायवाटेवर मोडक्या कमानी, रंग उडालेल्या भिंती, त्यांवरची राजांची चित्रं आणि पलीकडे काचेमागे वाघ. एडिसनच्या आजी त्या पायवाटेवर बराच वेळ थांबल्या. भिंतीवरचा ओल आल्याचा डाग त्यांनी बोट लावून पाहिला. तो रंगवलेला होता. "आपल्या वाड्याच्या मागच्या भिंतीसारखाच केलाय गं," त्या सुनेला म्हणाल्या आणि मग त्या वाड्याबद्दल त्यांनी नातीला जे सांगितलं ते तिने आधी कधी ऐकलं नव्हतं. एक्सेल शीटमध्ये या पायवाटेला पंधरा मिनिटं दिलेली होती. सून म्हणाली, पुढचं राहू दे.

एपकॉटमध्ये तलावाभोवती अकरा देशांची दालनं आहेत, भारत त्यांत नाही. पूर्ण फेरी दोन किलोमीटरची, सावली कमी. ही संध्याकाळची जागा. दुपारी विश्रांती घेऊन पाचनंतर गेलं तर तीन-चार तासांत छान होते.

जेवणाचं एक सांगून ठेवतो, कारण शाकाहारी आजी-आजोबांचा दिवस यावर अवलंबून असतो. पार्कात घरचं खाणं नेता येतं. काचेची भांडी आणि मद्य तेवढं चालत नाही. पोळीचे रोल, दशम्या, चिवडा, सगळं चालतं, आणि झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. एखाद्या रात्री बसून जेवायचं तर ॲनिमल किंगडम लॉजमधलं सना हे उपाहारगृह गाठावं. तिथे नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या मिळतात आणि उजेड असेपर्यंत खिडकीबाहेर झेब्रे चरताना दिसतात. पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून हे मोकळ्या दिवशी करावं.

हा मोकळा दिवस माझ्या हिशेबात सर्वांत मोलाचा. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांच्या आत वापरता येतं, म्हणजे मध्ये सुट्टी घ्यायला वाव कंपनीनेच ठेवलाय. तरी तो घेणारी मराठी कुटुंबं मला थोडीच भेटली. "एवढे पैसे घालून आलोय आणि खोलीत बसायचं?" असं मुलगा म्हणतो. पण त्या दिवशी आजोबा उशिरा उठतात, आजी मायक्रोवेव्हमध्ये खिचडी करायचा घाट घालते, पोरं दिवसभर पाण्यात असतात, आणि बऱ्याच महिन्यांनी मुलगा आणि वडील एका जागी बसून बोलतात. हा दिवस दुसऱ्या आणि तिसऱ्या पार्कदिवसांच्या मध्ये टाकावा. शेवटी ठेवला तर भांडण होऊन गेलेलं असतं.

थेट भारतातून येणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. उन्हाळ्यात ऑरलँडो आपल्या साडेनऊ तास मागे असतं. पहिल्या दोन-तीन दिवशी पहाटे तीनला जाग येते आणि संध्याकाळी सातला मान पडते. रोप ड्रॉपला हे सोयीचं आहे, आतषबाजीला नाही. ती तिसऱ्या दिवसानंतर ठेवावी. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या अमेरिका सहलींत ऑरलँडोला साधारण दोन-तीन मुक्काम असतात. अशा सहली नेणारा ठाण्याचा एक टूर मॅनेजर म्हणाला, "साहेब, दोन दिवस कमी नाहीत. दोन दिवसांत चार पार्क मागणारे जास्त असतात." मला त्याचं पटलं. दोनच दिवस हातात असतील तर एक मॅजिक किंगडमला आणि दुसरा केनेडी स्पेस सेंटरला द्यावा.

केनेडी स्पेस सेंटर ऑरलँडोपासून मोटारीने तासाभरावर. अटलांटिस हे खरं अवकाशयान तिथे २०१३ पासून टांगलेलं आहे, मालाचा दरवाजा उघडा, जणू अजून कक्षेतच. त्याच इमारतीत चॅलेंजर आणि कोलंबियाच्या अंतराळवीरांच्या स्मृतींचं दालन आहे. कल्पना चावला १९९७ मध्ये पहिल्यांदा अवकाशात गेल्या त्या इथूनच, आणि २००३ मध्ये परतल्या नाहीत त्या उड्डाणाची सुरुवातही इथूनच झाली. आजोबांची पिढी त्या बातमीसाठी टीव्हीसमोर बसलेली असते. तिथे त्यांना कुणी बाकावर बसवून ठेवावं लागत नाही. नातवंडांना तेच माहिती सांगतात. पाचव्या पार्कदिवसाचे पैसे इथे लावावेत, असं मी प्रत्येकाला सांगतो.

युनिव्हर्सलचं काय? ते १९९० मध्ये आलं तेव्हा एका दिवसाचं होतं. १९९९ मध्ये दुसरं पार्क झालं, २०१० मध्ये हॅरी पॉटरची नगरी आली, आणि मे २०२५ मध्ये एपिक युनिव्हर्स हे तिसरं मोठं पार्क उघडलं. आता तो स्वतंत्र तीन दिवसांचा कार्यक्रम आहे आणि बराचसा थोराड मुलांचा. डिझ्नीच्या शेपटीला तो बांधू नये. पोरं दहा-बारा वर्षांची झाली की वेगळी खेप काढावी.

एडिसनच्या घरातली शीट शेवटी अशी झाली: सहा मुक्काम. पोचल्याच्या दिवशी तिकीट नाही. मग मॅजिक किंगडम, ॲनिमल किंगडम, मोकळा दिवस, स्पेस सेंटर, आणि निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पुन्हा मॅजिक किंगडम, फक्त मुलांनी निवडलेल्या तीन राइड, दुपारी एकला बाहेर. एपकॉट गळलं, त्यावर नात थोडी रुसली. डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलंय की अनुभवाची लांबी आठवणीत फारशी उरत नाही, त्यातला सर्वांत उत्कट क्षण आणि त्याचा शेवट उरतो. सुनेने काहनमन वाचलेला नव्हता, पण शेवटचा दिवस हलका ठेवायचा हा आग्रह तिचाच. परतीचं विमानही तिने पहाटेचं बदलून दुपारी तीनचं घेतलं, माणशी चाळीस डॉलर जास्त देऊन.